एकतिसावं मॉड्यूल

१

आधी हे डोळ्यासमोर आणा यार. भाईंदर पश्चिमेचा बर्फाचा कारखाना. गेटबाहेर नऊ टेम्पो, बर्फाने गच्च भरलेले. नऊच्या नऊ ड्रायव्हर मोबाईलकडे बघतायत आणि मोबाईलवर एक गोल फिरतोय. नुसता फिरतोय! कुठल्या बंदरावर जायचं, कुठल्या बोटीला किती लाद्या उतरवायच्या, काहीच येत नाहीये. आणि मागून बर्फ टपटप टपटप रस्त्यावर.

मी तेव्हा कुठे? काशीमीऱ्याला, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या ऑफिसात, कानाला हेडफोन. मी सपोर्टला आहे ना, म्हणजे पगार शिव्या खायचा. आमची सिस्टीम चार कारखान्यांचा बर्फ गोराईपासून वसईपर्यंतच्या बंदरांवर पोचवते. ऑर्डर घेणं, रस्ता ठरवणं, टेम्पो लावणं, सगळ्याची वेगवेगळी मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे सिस्टीमचा एकेक तुकडा, ज्याचं त्याचं ठरलेलं काम. माझे कॉलसुद्धा नेटवरूनच येतात. त्या मंगळवारी तासाभरात त्रेसष्ट कॉल.

उत्तनच्या बोटवाल्या डॉरिसआंटींचा तर असला आवाज, की हेडफोन लांब धरला तरी ऐकू येत होता. "ए पोरा, बोट सुटायची हाय! बरफ कुठं हाय? आता मासळीवर फुंकर मारत बसू काय?"

तेवढ्यात जितेंद्रसर केबिनबाहेर आले. कंपनी त्यांची. कपाळाला आठ्या, हातात चहाचा कप, चहा अर्धा शर्टवर.

"शर्लिन! सकाळी नऊला अपडेट कोणी टाकलं?"

शर्लिन उठून उभी राहिली. शर्लिन उत्तनची, तेवीस वर्षांची, कामात चोख. सहा महिन्यांच्या ट्रायलवर होती आणि तो शेवटचा दिवस होता. "मी टाकलं, सर. पण त्यात फक्त बटणाचा रंग बदलला होता..."

"गेल्या वेळीसुद्धा तुझ्याच अपडेटनंतर सगळं झोपलं. हे दुसऱ्यांदा. पाच वाजता केबिनमध्ये ये. पत्र तयार ठेवतो."

कसलं पत्र ते सांगायची गरजच नव्हती. शर्लिन खाली बसली आणि की-बोर्डकडे बघत राहिली.

तिकडे स्वप्नीलने, म्हणजे आमच्या सगळ्यात सीनियर पोराने, अख्खी सिस्टीम बंद करून चालू केली. दहा मिनिटांत टेम्पो निघाले. टाळ्याबिळ्या झाल्या. त्याने कॉलर नीट केली.

आणि कोपऱ्यातून 'कटक' असा आवाज आला. खाकरा मोडल्याचा.

"जितूभाई," हंसाबेन म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत ही केस मला द्या. अने ए पत्र जरा ड्रॉवरमध्ये ठेवा."

२

हंसाबेन म्हणजे आमच्या टेस्टर, सिस्टीममधल्या चुका शोधणाऱ्या. वय अठ्ठावन्न. आधी टेलिफोन एक्स्चेंजच्या फॉल्ट डेस्कवर सव्वीस वर्षं काढली, मग 'घरी बसून भजन नाय जमत' म्हणून टेस्टिंग शिकल्या. पर्समध्ये खाकरा, कैरीचा छुंदा आणि कोरी वही.

"चालो दिकरा, तू माझ्यासंगत," त्या मला म्हणाल्या. मी हेडफोन शेजारच्या रसिकाच्या गळ्यात घातला आणि पळालो. अशी संधी कोण सोडतं!

पहिला नंबर स्वप्नीलचा. त्याच्या टेबलामागे पांढऱ्या बोर्डवर सगळ्या मॉड्यूलची यादी आहे, त्यानेच लिहिलेली. सगळ्यात वर, लाल शाईत, त्याचं रस्ता शोधायचं मॉड्यूल. चाळीस हजार ओळींचं.

"यादी कशी लावलीस रे, बेटा?"

"महत्त्वाप्रमाणे. जे सगळ्यात मोठं ते सगळ्यात क्रिटिकल. रस्ता, मग ऑर्डर, मग टेम्पो... तीस आहेत टोटल. वरच्या पाचांवर आम्ही चोवीस तास लक्ष ठेवतो. त्यातलं एकही आज पडलं नव्हतं, चेक करा."

"पडलं नव्हतं? तरी पण काम तर करत नव्हतं."

"उभं होतं. फक्त उत्तर देत नव्हतं. कशाची तरी वाट बघत असल्यासारखं."

"कशाची?"

स्वप्नीलने खांदे उडवले. "शर्लिनच्या अपडेटला विचारा ना."

मग आम्ही शर्लिनकडे गेलो. तिने गेल्या पाच महिन्यांतल्या स्वतःच्या सगळ्या अपडेटची यादी आधीच काढून ठेवली होती. हंसाबेननी बोट फिरवत मोजलं. बेचाळीस.

"बेचाळीस वेळा अपडेट टाकलं, दोन वेळा सिस्टीम झोपली. चाळीस वेळा कशाला जागी राहिली?" त्यांनी वही बंद केली. "कौस्तुभ दिकरा, सिस्टीम खरंच दोनदाच झोपली काय?"

"दोनदाच हो. बाकी तिकडचं नेट जायचं कधीकधी, तेव्हा पण कॉल यायचे. पण ते नेटमुळे ना."

"तिकडचं नेट. तुला कोणी सांगितलं?"

"स्वप्नीलने. म्हणाला, कस्टमरला सांग, कारखान्यांकडचं नेट गेलंय."

हंसाबेन एकदम हसल्या. "रिक्षा बोलाव. पश्चिमेला जायचं."

३

कारखान्याच्या गेटवर बबनकाका बसतात. पायाखाली गोणपाट, मांडीवर रजिस्टर. टेम्पो किती वाजता भरला, किती वाजता सुटला, सगळं पेनाने लिहितात. मोबाईलवर विश्वास नाही त्यांचा.

"बबनभाई, टेम्पो भरलेला तरी पण सुटला नाय, असे दिवस दाखवा."

"सोपा हाय," काका म्हणाले. "त्या दिवशी मी लाल पेनान लिवतो. बरफ वितळला का मालक माझ्यावर वराडतो ना, म्हून पुरावा ठेवतो."

त्यांनी रजिस्टर उघडलं. पाच महिने आमच्यासमोर पालथे घातले. लाल ओळी किती असाव्यात?

दोन नाही. पाच!

एक गुरुवार, एक सोमवार, एक शनिवार, परत सोमवार आणि आजचा मंगळवार. शर्लिनच्या अपडेटशी जुळत होते ते पहिला सोमवार आणि आजचा मंगळवार. बाकी तीन दिवशी तिचं अपडेटच नव्हतं, आणि त्या तिन्ही ओळींपुढे काकांनी लिहिलं होतं, 'हापिसचा नेट गेला.'

"ऑफिसचं नेट?" मी म्हणालो. "काका, आमचं नेट कुठे गेलं होतं?"

"मना काय म्हाईत! फोन आला का हापिसचा नेट गेलाय, दहा मिनटा थांबा. म्या लिवला."

"फोन कुणाचा?"

"त्यो तुमचा कॉलरवाला पोरगा न्हाय का."

हंसाबेननी माझ्याकडे पाहिलं. "दिकरा, त्या दिवसांना तुझा फोन वाजत होता?"

"अहो, वाजत होता म्हणजे! जेवायला वेळ नव्हता..."

आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. माझे कॉल नेटवरूनच येतात. आमचं नेट गेलं असतं तर फोन कसा वाजला असता? मला सांगितलं कारखान्याचं नेट गेलं, कारखान्याला सांगितलं आमचं गेलं. दोघांनाही खरं वाटलं, कारण आम्ही कधी एकमेकांना विचारलंच नाही!

"म्हणजे स्वप्नीलनेच मुद्दाम..."

"धीरज राख," हंसाबेन म्हणाल्या. "खोटं बोलला ते समजलं. मोडलं कोणी ते अजून नाय समजलं. आधी बघू, सगळं कोणावर टेकलंय."

४

आमच्याकडे सरावाचा एक कॉम्प्युटर आहे. त्यावर अख्ख्या सिस्टीमची जशीच्या तशी नक्कल. तिथे काही मोडलं तरी खऱ्या टेम्पोंना फरक पडत नाही. हंसाबेननी खुर्ची ओढली.

"फॉल्ट डेस्कवर आम्ही काय करायचो? एक तार काढायची आणि बघायचं, किती घरांचे फोन मेले. ज्या तारेने सगळ्यात जास्त मेले, ती तार मोठी. दिसायला मग शिवणाच्या दोऱ्याएवढी का असेना. चाल, एकेक मॉड्यूल बंद कर. मी लिहिते."

मी स्वप्नीलचं चाळीस हजार ओळींचं रस्त्याचं मॉड्यूल बंद केलं. किती बंद पडली? दोन! बाकी सगळी मजेत. जुना रस्ता वापरून टेम्पो निघालेसुद्धा.

ऑर्डरचं बंद केलं, चार पडली. टेम्पोचं केलं, तीन. असं करत करत साडेतीन वाजले. छुंद्याची बाटली अर्धी झाली. बोर्डवरची तीसच्या तीस संपली आणि पाचाच्या वर कोणी पाडलंच नाही. पाच वाजता ते पत्र निघणार होतं आणि वहीत कामाचं काहीच नव्हतं. शर्लिन तीन टेबलं सोडून बसली होती. आपला चहाचा मग तिने गुपचूप बॅगेत टाकला, ते मी पाहिलं.

"हंसाबेन, यादी संपली," मी म्हणालो.

"बोर्डवरची संपली. कॉम्प्युटरवरची किती?"

मी मोजली. परत मोजली. एकतीस.

सगळ्यात खाली एक चिटुकलं होतं. चाळीस ओळींचं. नाव 'भरती'. बोर्डवर त्याचा पत्ताच नव्हता.

"कर बंद."

केलं. आणि तीसच्या तीस मॉड्यूलसमोर गोल फिरायला लागले! रस्ता, ऑर्डर, टेम्पो, सगळी. सकाळी ड्रायव्हरांच्या मोबाईलवर होता अगदी तसाच गोल.

मी खुर्चीतून उठलोच. "सापडलं! कोणी लिहिलंय हे? बघू, वर नाव असेल..."

नाव होतं. पहिल्याच ओळीत.

'शर्लिन. फक्त सरावासाठी.'

५

जिला वाचवायला निघालो, तिच्याच दारात येऊन उभे!

शर्लिनने स्क्रीन पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "हे मी दुसऱ्या आठवड्यात लिहिलेलं. फक्त उत्तनच्या स्क्रीनवर भरतीची वेळ दिसावी म्हणून. भरतीशिवाय बोट सुटत नाही ना. माझे डॅडी तोंडी करतात तसंच केलं. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा, सहा वाजता भरती. कोणीच वापरत नव्हतं हे. स्वप्नील म्हणाला होता, काढून टाकलंय."

"मॉड्यूल तिथी कुठून घेतं?"

"काल कोणती होती ते लक्षात ठेवतं, त्यात एक मिळवतं आणि पंचांगाच्या यादीत शोधतं. सापडली की वेळ सांगतं."

"अने नाय सापडली तर?"

"तर... शोधत राहतं. पण सापडणारच ना. कालच्या पुढची आज."

हंसाबेननी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट उपटलं आणि माझ्यापुढे टाकलं. मागच्या वर्षीचंही रसिकाच्या ड्रॉवरमधून आलं. "पाच तारखा बघ, दिकरा. तिथी वाच."

मी वाचल्या. नवमी, चतुर्थी, द्वादशी... काही मेळ नाही. एकही सारखी नाही. सव्वाचार झाले होते. मग पान उलटताना नजर शेजारच्या चौकोनावर गेली, आदल्या दिवशीच्या. तिथे बारीक अक्षरात काहीतरी होतं. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशीही तेच. तिसऱ्याच्याही!

"क्षय!" मी असा ओरडलो, की खालचा टायरवाला वर बघायला लागला. "पाचही वेळा आदल्या दिवशी क्षय तिथी आहे! आजची नवमी आहे, पण काल सप्तमी होती. मधली अष्टमी गेलीच!"

तिथी चंद्रावर चालते ना, त्यामुळे महिन्याभरात एखादी अशी येते, की दोन सूर्योदयांच्या मध्ये सुरू होते आणि तिथेच संपते. तिच्या नावाचा दिवसच नसतो. आज शर्लिनचं मॉड्यूल सकाळपासून अष्टमी शोधत बसलं होतं, जी नव्हतीच. आणि बाकीची तीस त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. बंद करून चालू केलं की ते कालचं विसरायचं, सरळ आजची तिथी घ्यायचं, आणि गाडी सुरू.

शर्लिनने लगेच डॅडींना फोन लावला, स्पीकरवर. टोनीअंकल जाळं विणत होते.

"डॅडी, तुम्ही तिथी मोजता तेव्हा मधला दिवस गळला तर काय करता?"

"काय करनार? रातच्याला वर बघतो. चांद काय खोटा बोलतो काय?" मागे कोणीतरी हसलं. "तुज्या कॉम्पुटरला मान हाय का वर करायला?"

मान नव्हती. घरात बोटांवर मोजतात ते तिने जसंच्या तसं लिहिलं, पण वर बघायचं राहिलं.

बरं, म्हणजे चूक शर्लिनचीच. घड्याळात पाचला दहा कमी.

६

जितेंद्रसरांच्या केबिनमध्ये सरांच्या हातात पत्र, समोर शर्लिन, बाजूला स्वप्नील, आणि दारात मी, सरावाचा लॅपटॉप छातीशी धरून.

हंसाबेननी आधी पाच लाल ओळी सांगितल्या. मग लॅपटॉपवरची तारीख पुढच्या क्षय तिथीच्या दुसऱ्या दिवसावर नेली आणि एक खोटी ऑर्डर टाकली. गोल फिरायला लागला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे हे अपडेटमुळे नाही?"

"नाय. शर्लिनने बेचाळीस अपडेट टाकले, त्यातले दोन या दिवसांवर येऊन पडले. बाकी तीन दिवशी नाव घ्यायला शर्लिन नव्हती, म्हणून कोणीतरी नेटचं नाव घेतलं. इकडे सांगितलं तिकडचं गेलं, तिकडे सांगितलं इकडचं गेलं." त्या स्वप्नीलकडे वळल्या. "सरावाचं मॉड्यूल खऱ्या सिस्टीममध्ये आणून तीस जणांना त्याच्यावर कोणी टेकवलं, बेटा? पाच महिन्यांपूर्वीच्या तीसच्या तीस बदलांवर तुझंच नाव आहे."

स्वप्नीलची कॉलर एकदम ढिली दिसायला लागली.

"सर... नवीन व्हर्जनला वेळ कमी होता. सगळ्यांना आजची तारीख, वेळ आणि भरती लागते. शर्लिनचं ते छोटं मॉड्यूल एका ओळीत सगळं देत होतं. मस्त लिहिलं होतं तिने. मी सगळ्यांना त्यालाच विचारायला लावलं. पण ट्रेनीच्या कोडवर अख्खी सिस्टीम उभी आहे हे बोर्डवर कसं लिहू? म्हणून यादीत घेतलंच नाही. का झोपते ते मला खरंच कळत नव्हतं, आईशप्पथ. चालू केली की चालायची."

"अने यादीत नाय म्हणून त्याच्यावर कोणाचं लक्ष नाय," हंसाबेन म्हणाल्या.

सर काही बोलणार, तेवढ्यात शर्लिनच पुढे झाली.

"सर, मोजणी माझीच चुकलीये. सरावाचं असलं तरी लिहिलं मीच. पत्र द्या."

मी मनात म्हणालो, अगं बाई, गप्प बस ना! सुटलेली होतीस!

सरांनी पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"दोन ओळी."

"कर. आत्ता. माझ्यासमोर."

ती माझ्या हातातला लॅपटॉप घेऊन जमिनीवरच बसली. दोन ओळी. पहिली, तिथी सापडली नाही तर पुढची घे. दुसरी, तीही नसली तर थांबू नकोस, 'माहीत नाही' म्हण आणि सगळ्यांना सोड. तीच क्षयाची तारीख ठेवून तिने परत ऑर्डर टाकली. आम्ही चौघं तिच्या डोक्यावर वाकलो होतो.

गोल फिरला. एकदा, दीडदा, आणि गेला. स्क्रीनवर आलं, 'उत्तन, पाच बोटी, निघा.'

सर टेबलावर बसले, पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने एकच शब्द लिहिला. 'कायम.' खाली सही.

"आणि ती यादी," ते म्हणाले, "आता तू लिहायची. हंसाबेनच्या पद्धतीने. स्वप्नील, तू उद्या सकाळी गेटवर जायचं आणि बबनकाकांना आणि नऊ ड्रायव्हरांना काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

गेला की तो! ड्रायव्हरांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मग बर्फाच्या बारा लाद्या त्याच्याकडून टेम्पोत चढवून घेतल्या. दोन दिवस कंबर धरून चालत होता. शर्लिनला सॉरी मात्र नीट म्हणाला, सगळ्यांसमोर.

७

शर्लिनने महिनाभर लावून यादी केली. एकेक मॉड्यूल बंद करायचं आणि कोण कोण पडतं ते लिहायचं. भरती सगळ्यात वर, त्याला एक जोडीदारही लिहिला, पहिलं झोपलं तर दुसरं उठेल असा. रस्त्याचं गेलं नवव्या नंबरवर. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ती वरून खाली वाचत आली आणि शेवटच्या नंबरावर अडखळली.

"बोल ना," सर म्हणाले. "कायम आहेस आता, घाबरतेस कशाला?"

"सर, सगळ्यात खाली 'आजचा सुविचार' आहे. तुम्ही रोज सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर पाठवता ते."

"ते बंद केलं तर किती पडतात?"

"एकही नाही, सर. बंद करून नऊ दिवस झाले."

सगळे टेबलाकडे बघायला लागले. सरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "नऊ दिवस? आणि तुमच्यातल्या एकालाही कळलं नाही?"

'कटक.' हंसाबेननी खाकरा मोडला.

"मला कळलं होतं ना, जितूभाई," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर कोणाला बोलले नाय."